घात, घातांक आणि 'सरळ रूप द्या' : बेरीज नेमकी कशाची?

जुळे सोलापूर : आठवीतल्या भाच्याच्या वहीत शिकवणीतून उतरवून आणलेला नियम असा आहे : 'पाया समान असेल तर गुणाकार करताना घातांची बेरीज करावी.' त्याखाली उदाहरण २^३ × २^४. (डोक्यावरचा अंक इथे उमटत नाही, म्हणून ^ ही खूण.) त्यानं ८ + १६ = २४ करून ठेवलंय. चूक आहे म्हटलं तर म्हणतो, "मावशी, नियमात लिहिलंय तेच केलं की!" घात आणि घातांक एकच का? शिवाय घरात 'घात' शब्द काढला की सासूबाई दचकतात. गणितात असला अभद्र शब्द आला कुठून?

बाळीवेस, निवृत्त गणित शिक्षक : ताई, पोरगं बरोबर आहे, नियम लिहून देणारा चुकलाय. २^३ यात २ हा पाया, ३ हा घातांक आणि येणारं उत्तर ८ हा २ चा तिसरा घात. म्हणजे घात ही सबंध संख्या आणि घातांक हा पायाच्या डोक्यावरचा अंक. 'घातांची बेरीज' असं म्हटलं तर ८ आणि १६ यांचीच बेरीज होणार. नियम आहे घातांकांच्या बेरजेचा : क^म × क^न = क^(म+न). तीन वेळा २ आणि पुढे चार वेळा २, सगळे गुणाकाराच्या चिन्हांनी जोडलेले. मोजले तर सात. म्हणून २^७, म्हणजे १२८. एक 'अंक' गळाला आणि १२८ चे २४ झाले.

बोलताना आपण सगळेच 'घात' म्हणून मोकळे होतो, वर्गात मीही तसंच बोलत असे. लिहिताना मात्र ही सूट घेऊ नये. २^३ + २^४ असं आलं तर तिथं घातांकांचा नियम लागतच नाही, तिथं खरोखर घातांचीच बेरीज करायची आणि उत्तर २४ येतं. दोन्ही गणितं शेजारी शेजारी सोडवून दाखवा त्याला.

आता सासूबाईंची शंका. घात आणि घन हे दोन्ही शब्द 'हन्' या धातूपासून आले, अर्थ मारणे, ठोकणे. जुन्या संस्कृत गणितात गुणाकाराला हनन, वध, घात अशीच नावं आहेत. दुप्पट म्हणजे 'द्विघ्न'. कृतघ्न शब्दातला 'घ्न' तोच. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'बीजगणिता'त अव्यक्तांच्या, म्हणजे किंमत ठाऊक नसलेल्या राशींच्या, गुणाकाराचा नियम सांगताना वध आणि घात हे दोन्ही शब्द गुणाकार याच अर्थानं वापरलेत. एकाच जातीची अव्यक्तं गुणली तर वर्ग, घन वगैरे होतात आणि वेगळ्या जातीची गुणली तर 'भावित', म्हणजे आपलं क्ष × य. मारणं आणि गुणणं यांचा संबंध गणिताचे इतिहासकार असा लावतात, की पाटीवर गुणाकार करताना गुण्य संख्येचे अंक एकेक करून पुसले जात, म्हणजे 'मारले' जात. तेव्हा विश्वासघातातला घात आणि हा घात सख्खे भाऊच, फक्त धंदे वेगळे. सासूबाईंना सांगा, गणितातला गुणाकार करतो.

मंगळवेढ्याकडचा शेतकरी : आमच्याकडं घात म्हणजे तिसरंच काही. पाऊस पडून गेला, रानात पाय रुतेना झाला, ओल बेताची राहिली की म्हणायचं 'रानाला घात आली'. मग शाळूच्या पेरणीला तिफण जुंपायची. ही घात स्त्रीलिंगी. घात आली तर आनंद, घात झाला तर वाटोळं!

बाळीवेस : वा, हे सांगितलंत ते फार बरं केलंत. लिंगावरून अर्थ ओळखावा असा शब्द आहे. गणितातला पुल्लिंगी : पाचवा घात, पाचवी नव्हे.

अशोक चौक : आमचे वडील इथंच तेलुगू माध्यमात शिकले. ते पण 'घातांकं'च म्हणतात. पायाला मात्र 'भूमि'. मला पाया म्हटलं की त्रिकोणाचा पाया आठवतो, गल्लत होत नाही का?

बाळीवेस : क्वचित. खाली असतो तो पाया, इतकंच दोन्हीकडे आहे.

जुळे सोलापूर : सर, त्याच पानावर 'सरळ रूप द्या' असं गणित आहे : (२क्ष^३य^२)^२ × ३क्षय^(−४) ÷ ६क्ष^५. सरळ म्हणजे काय करायचं? उत्तर काढा असं का नाही म्हणत?

बाळीवेस : कारण क्ष आणि य किती ते कुणी सांगितलेलं नाही, तर उत्तर म्हणून एक संख्या येणार कुठून? प्रत्येक अक्षर एकदाच यावं, कंस उरू नयेत, ऋण घातांक राहू नयेत, याला सरळ रूप म्हणायचं. अपूर्णांकाबाबत 'अतिसंक्षिप्त रूप' म्हणतात, ते वेगळं.

आधी कंस. घाताचा घात काढताना घातांकांचा गुणाकार, आणि कंसाबाहेरचा २ आतल्या सहगुणकालाही, म्हणजे क्ष च्या आधीच्या २ लाही, लागतो. मुलं तिथंच फसतात, आतला २ तसाच ठेवतात. कंस सुटला की ४क्ष^६य^४. त्याला ३क्षय^(−४) नं गुणा. नुसत्या क्ष वर घातांक लिहिलेला नसला तरी तो १ असतो, म्हणून क्ष^७. य चे ४ आणि −४ मिळून शून्य. झालं १२क्ष^७य^०. भागाकारात घातांकांची वजाबाकी : १२ ÷ ६ = २, आणि ७ − ५ = २. उरलं २क्ष^२. क्ष, य शून्य नाहीत हे गृहीत धरून.

अशोक चौक : मग य कुठं गेला? य^० म्हणजे शून्य ना? सगळंच शून्य व्हायला पाहिजे.

बाळीवेस : नाही. य^४ ला य^४ नं भागलं तर १ येतो, आणि नियमानं तेच य^(४−४) म्हणजे य^०. म्हणून य^० = १. गुणाकारातला १ लिहीत नाहीत, म्हणून तो दिसत नाही. य^(−४) म्हणजेही ऋण संख्या नव्हे, तो य^४ चा गुणाकार व्यस्त, १/य^४. आणि भाच्याला हे दोन्ही करून बघायला सांगा : (−२)^४ = १६, पण −२^४ = −१६. दुसऱ्यात पाया नुसता २ आहे, वजाचं चिन्ह त्याच्या बाहेर.

मंगळवेढ्याकडचा शेतकरी : पोरीच्या पुस्तकात 'बहुपदीची कोटी' आहे. हे कोटी म्हणजे शंभर लाखच का?

बाळीवेस : नाही हो, बहुपदीतल्या चलाचा, म्हणजे क्ष सारख्या अक्षराचा, सर्वांत मोठा घातांक ती कोटी. २क्ष^२ + ५क्ष ची कोटी २. इथंही 'सर्वांत मोठा घात' असं लिहू नये, घातांक लिहावा. ताई, वहीतल्या नियमात 'घातांची' खोडून 'घातांकांची' करून घ्या. आणि २^५ वाचताना 'दोनाचा पाचवा घात' किंवा 'दोनाचा घातांक पाच', दोन्ही चालेल.