सातवीची पोरं इंग्रजी निबंधात स्वतःचं काही लिहीतच नाहीत

चिंचेखालचा मास्तर:
निफाड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला इंग्रजी शिकवतो. पट 31. गेल्या आठवड्यात ‘माय स्कूल’वर दहा ओळी लिहायला दिल्या. 26 वह्यांत एकच शाळा: ‘माय स्कूल इज व्हेरी बिग. इट हॅज अ ब्यूटिफुल गार्डन.’ आमच्या शाळेला खोल्या चार, त्यातली एक गळते म्हणून कुलूपबंद. गार्डन म्हणाल तर एक चिंच आणि तिच्याखाली दांडा निखळलेला हातपंप. सगळं गाईडातून उतरलेलं. रागावलो नाही, कारण मीही सातवीत हीच बाग लिहून दहापैकी आठ मिळवले होते.

कवितेचंही तेच. चाल लावून झकास म्हणतात. अर्थ विचारला की गाईडातला मराठी अर्थ धडाधडा. स्वतःचं एक वाक्य काढून कसं घ्यायचं यांच्याकडून? कुणी करून पाहिलंय का?

फुलस्टॉप:
मी पुण्यात आठवीला शिकवते. वर्ड्सवर्थची डॅफोडिल्सवरची कविता घेण्याआधी त्याच्या बहिणीच्या डायरीची गोष्ट सांगते. 15 एप्रिल 1802 ला अल्सवॉटर तळ्याकाठी ती फुलं दोघांनी मिळून पाहिली. डोरोथीने साध्या गद्यात नोंद केली: काही फुलं दमल्यासारखी दगडावर डोकं टेकून आहेत, जणू उशीच, बाकीची वाऱ्यात नाचतायत. भावाची कविता छापून आली 1807 मध्ये, आणि तिच्यात हा पठ्ठ्या एकटाच भटकतोय. बहीण गायब! पोरांना ही लबाडी जाम आवडते. मग म्हणते, तुम्ही डोरोथी व्हा. निबंध नको, कविता नको. शाळेत येताना जे दिसलं त्याच्या तीन ओळी, कच्च्या वहीत.

पेपर तपासनीस:
ऐकायला छान. पण दहावीला पत्र, बातमी सगळं साच्यात लागतं. सातवीत मोकळं सोडलंत की नववीत आम्ही निस्तरायचं. आणि ‘ही गो’, ‘शी गो’ आलं तर लाल पेन उचलायचं की नाही?

फुलस्टॉप:
साचा नववीत दोन महिन्यांत बसतो हो. सांगण्यासारखं काही असावं लागतं, ते दोन महिन्यांत येत नाही. लाल पेन मीही वापरते, पण एका आठवड्यात एकाच चुकीवर. या आठवड्यात क्रियापदाचा ‘एस’, बाकीकडे काणाडोळा.

चिंचेखालचा मास्तर:
दहा दिवस केलं. पहिल्या दिवशी पुन्हा गार्डनच आलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना हातपंपाजवळ नेऊन बसवलं, तेव्हा कुठे ‘पंप हॅज नो हँड’ निघालं. सध्या उन्हाळ कांद्याची काढणी चालू आहे, निम्मा वर्ग रानात. चार दिवसांनी आलेल्या एका मुलीने लिहिलं: ‘माय आजी कट अनियन. शी नॉट क्राय. आय क्राय.’ मी वर्गात मोठ्याने वाचलं. कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरून ‘माझी पण आजी’ असं ऐकू आलं.

आता अडलंय ते असं. एकाने ‘वुई स्लीप निअर चाळ’ लिहिलंय. कांदे साठवायच्या कांदाचाळीला इंग्रजीत काय म्हणू? ‘स्टोअर’ म्हटलं तर पोराला दुकान वाटतं.

शब्दखोर:
चाळ तशीच राहू द्या. इंग्रजांनी आपलं मुंगूस नेलंच ना? डिक्शनरीत ‘मंगूस’ काढा, मूळ मराठी म्हणून दिलेलं सापडेल. ते पान पोरांना दाखवा.

चिंचेखालचा मास्तर:
दाखवलं. आता ‘विळा’ आणि ‘पात’पण इंग्रजीत न्यायची म्हणतायत. ‘कट’ला ‘एस’ लावून घेतला, ‘शी’च्या पुढे ‘डज’ही बसवला. तेवढं दोन चुकांचं माफ करा, फुलस्टॉप मॅडम. चाळ ठेवली. तपासनीस सर, ती आजीवाली पोरगी नववीत आली की शिव्या मला द्या, तिला नको.