मदत हवी आहे: दाजींचा नुसता स्वभाव की नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर (टोकाच्या आत्मकेंद्रीपणाचा व्यक्तिमत्त्व विकार)?

आम्ही नाशिकचे, ताई सिडकोत असते. लग्नाला ६ वर्षं झाली. दाजी बाहेर एकदम गोड, पण घरात सतत स्वतःचंच कौतुक हवं, ताईला ताप असला तरी "माझ्या जेवणाचं काय" हाच प्रश्न, जरा काही बोललं की ४-४ दिवस अबोला आणि शेवटी माफी ताईनेच मागायची. मारहाण नाही, दारू नाही, आणि ताईला वेगळं व्हायचं नाहीये त्यामुळे प्लीज तो सल्ला नको.

डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात ते अमेरिकन पुस्तक) या डिसऑर्डरची ९ लक्षणं आहेत, त्यातली किमान ५ लागतात आणि ती तरुणपणापासून सगळीकडे दिसायला हवीत असं वाचलं. मला ५-६ जुळतात असं वाटतं, पण ऑफिसात ते कसे वागतात ते आम्हाला माहीत नाही, आणि घरबसल्या लेबल लावणं मलाच पटत नाही. मोठ्या काकांनी समजावून झालं, एकदा कौन्सेलरकडेही गेले दोघं, तिथे दाजी इतकं छान बोलले की ताईच चुकीची ठरली. आता ते परत यायला तयार नाहीत.

ताई एकटी सायकियाट्रिस्टकडे गेली तर उपयोग होतो का, की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बरा? आणि जाताना कोणते प्रसंग लिहून न्यावेत?