बाबांना हंटिंग्टन होता, मी चाचणी करायलाच हवी का?

धागाकर्ती:
चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं ओळीनं फार वेळा आली की हंटिंग्टन हा मेंदूविकार होतो. आईवडलांपैकी एकाकडून दोष आला तरी पुरतो, म्हणून माझी शक्यता ५० टक्के. वय ३१, लक्षण एकही नाही. रक्त दिलं तर उत्तर मिळेल, पण आजार थांबवणारं औषध आज नाही. तरी घरचे म्हणतात, न तपासणं हा बेजबाबदारपणा आहे. बाबांचे हात आपोआप हलू लागले, मग त्यांचा स्वभाव पालटला, हे सगळं मी जवळून पाहिलंय. लक्षणं नसतानाची वर्षं त्याच्या धास्तीत घालवायची नाहीत मला.

प्रतिसाद १:
तुमचं दुःख समजतं, पण निर्णय पटत नाही. वडलांकडून येताना ही सीएजीची साखळी बऱ्याचदा लांबते आणि आजार आधीच्या पिढीपेक्षा लवकर दिसतो. तुमच्याबरोबर संसार करणाऱ्या माणसाला हे कळायला नको? व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांनी रक्त दिलं, म्हणून १९८३ साली या गुणसूत्राचा माग लागला. नेमकं जनुक सापडायला १९९३ उजाडलं. एवढ्या कष्टानं मिळालेली माहिती हाताशी असून नाकारायची, याचं मला वाईट वाटतं.

प्रतिसाद २:
विज्ञानाचा आदर म्हणून कुणी स्वतःचं भविष्य उघडून पाहावं, ही अपेक्षाच चूक आहे. शिवाय अहवालात काय असतं? सीएजीची २६ किंवा कमी आवर्तनं असली तर चिंता नाही, ४० किंवा जास्त असली तर आजार होणार. ३६ ते ३९ आली तर होईलही, होणारही नाही. आकडा मोठा असेल तर आजार साधारणपणे लवकर येतो, पण कोणत्या वर्षी, हे त्यावरून कुणी सांगू शकत नाही. समुपदेशनाशिवाय ही चाचणी करू नये, असं म्हणतात ते उगीच नाही.

प्रतिसाद ३:
मात्र हा न्याय सगळ्या आनुवंशिक मेंदूविकारांना लावू नका, कळकळीनं सांगतो. माझ्या भावाला विल्सन हा आजार निघाला. दोष तेराव्या गुणसूत्रावर, तांबं यकृतात आणि मेंदूत साठत जातं. दोन्ही पालकांकडून दोष यावा लागतो, त्यामुळे प्रत्येक भावंडाला २५ टक्के धोका. माझी तपासणी झाली, मलाही निघाला. लक्षणं दिसायच्या आत औषध सुरू झालं, आज ठणठणीत आहे. तिथं चाचणी टाळली असती तर माझं आयुष्य गेलं असतं.

धागाकर्ती:
विल्सन असता तर त्याच दिवशी रक्त दिलं असतं. इथं औषधच नाही, फरक तेवढाच आहे आणि तोच सगळा आहे. नवऱ्याला लग्नाआधीच सगळं सांगितलंय.

प्रतिसाद १:
ते सांगितलंत हे फार बरं केलंत, तो आक्षेप मी मागे घेतो. पण मूल?

प्रतिसाद २:
त्यालाही वाट आहे. प्रयोगशाळेत गर्भधारणा करून, आजोबांकडचा चौथ्या गुणसूत्राचा तो भाग ज्या भ्रूणात आलेला नाही, तोच निवडतात. आजी-आजोबांपैकी कुणाचं तरी रक्त लागतं. आईला स्वतःचा निकाल कळत नाही.

प्रतिसाद १:
म्हणजे आईत दोष नसतानाही, केवळ आजोबांकडचा भाग आला म्हणून, निरोगी भ्रूण बाजूला पडू शकतात. हे मला अजूनही खटकतं.

धागाकर्ती:
खटकतं मलाही. माझ्या आईचं रक्त चालेल का, हे समुपदेशकांना विचारते.