मदत हवी आहे : घाण्याच्या जवस तेलापासून तैलरंगांसाठी घरगुती माध्यम

नमस्कार. तैलरंगांत काम करणाऱ्या जाणकारांकडून काही नेमकी माहिती हवी आहे, म्हणून हा धागा काढत आहे. मी नागपुरात राहते आणि घरातल्याच एका खोलीत चित्रे रंगवते. वडिलांना दम्याचा त्रास असल्याने टर्पेंटाइनसारखे उडून जाणारे कोणतेही द्रावक न वापरता, केवळ तेल आणि खडूची पूड एवढ्यावरच भागणारे माध्यम (रंगात मिसळायचे मिश्रण) मला तयार करायचे आहे. डामर या झाडाच्या राळेचे माध्यम टर्पेंटाइनमध्ये विरघळवून करतात, म्हणून तेही याच कारणाने बाद होते. शिवाय डामर वाळल्यावरही द्रावकात विरघळते, त्यामुळे पुढे कधी चित्रावरचे वॉर्निश काढायची वेळ आली तर त्यासोबत रंगही सुटण्याची भीती राहते, आणि हे कारण मला तितकेच महत्त्वाचे वाटते.

विदर्भात जवसाचे पीक पूर्वापार घेतले जाते, त्यामुळे चांगले बी मिळण्याची अडचण नाही. बी निवडून, लाकडी घाण्यावर माझ्यासमोर तेल काढून आणते. रंगाच्या दुकानातले डबल बॉइल्ड तेल मी घेत नाही, कारण त्यात धातूंची शुष्कके (तेल लवकर वाळवणारी द्रव्ये) घातलेली असतात आणि ते लवकर वाळले तरी काळाबरोबर गडद होत जाते. बाटलीबंद खाद्यतेलही टाळते. जवसाचे तेल बाष्पीभवनाने वाळत नाही, तर हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होते, आणि खाद्यतेल खवट होऊ नये म्हणून त्यात घातलेले पदार्थ नेमकी हीच क्रिया रोखतात.

घाण्याच्या ताज्या तेलात बियांतली चिकट द्रव्ये उतरलेली असतात आणि ती तशीच राहिली तर तेल लवकर पिवळे पडते. म्हणून ते पाणी, मीठ आणि स्वच्छ धुतलेली वाळू घालून धुण्याची जुनी पद्धत मी वापरते. मोठ्या काचेच्या बरणीत सगळे एकत्र घेऊन जोरात हलवायचे, मग स्थिर होऊ द्यायचे. तळाशी वाळू बसते, तिच्यावर गढूळ पाणी, सगळ्यांत वर तेल, आणि तेल व पाणी यांच्यामध्ये पांढरट, तंतुमय, सायीसारखा जाड थर. माझा पहिला आणि मुख्य प्रश्न याच थराबद्दल आहे. त्यात बरेच तेल अडकून राहते आणि बरणी उन्हात ठेवली, मीठ वाढवले, पाणी कोमट घेतले तरी तो पूर्ण फुटत नाही. हा थर सरळ टाकून द्यावा, की त्यातले तेल वेगळे करण्याची एखादी खात्रीची रीत आहे? वरचे तेल काढून घेतल्यावर उरलेले पाणी घालवण्यासाठी मी बरणी फ्रीजरमध्ये ठेवते. पाणी गोठते, तेल पातळच राहते आणि ओतून घेता येते. मात्र त्यानंतरही थोडे तेल पळीत तापवले की तडतडते, म्हणजे ओल शिल्लक आहेच. अशा वेळी सगळे तेल मंद आचेवर ठेवून ओल घालवावी, की त्या तापण्याने रंग गडद होईल?

दुसरा प्रश्न उन्हात तेल घट्ट करण्याचा. उथळ काचेच्या ताटात तेलाचा पातळ थर, वर धूळ बसू नये म्हणून थोडी उचलून ठेवलेली काच, आणि पापुद्रा धरू नये म्हणून रोज ढवळणे, एवढे मला ठाऊक आहे. मात्र या पद्धतीची बहुतेक वर्णने युरोपातल्या सौम्य उन्हाची असतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. एवढ्या उष्णतेत तेल फार झपाट्याने घट्ट होऊन पुढे रंगाच्या थराला सुरकुत्या पडतात का? त्यापेक्षा हिवाळ्यातले ऊन बरे का? विदर्भात, मराठवाड्यात किंवा खानदेशात कोणी हे केले असेल तर त्यांचा अनुभव मला विशेष उपयोगी पडेल.

खडूच्या पुडीबद्दलही विचारायचे आहे. काचा बसवणारे कारागीर जवसाचे तेल आणि खडूची पूड मळून लांबी (पुटी) करत, त्याचेच अधिक तेल असलेले, मऊसर रूप मला माध्यम म्हणून हवे आहे. कॅल्शियम कार्बोनेट तेलात मिसळले की जवळजवळ पारदर्शक होते, त्यामुळे रंगाची छटा फारशी न बदलता त्याला जाडी देता येते. शाळेतला खडू बहुधा जिप्समचा असतो, म्हणून आणलेल्या पुडीवर व्हिनेगरचे थेंब टाकून ती फसफसते का, हे मी तपासून घेते. आता प्रश्न असा की ताणलेल्या कॅनव्हासवर या मिश्रणाचे प्रमाण रंगाच्या तुलनेत किती ठेवावे? लाकडी फळीवर प्रमाण थोडे चुकले तरी निभते, पण कॅनव्हास हलतो, आणि थर ताठ झाला तर तडे जाण्याची शक्यता असते.

शेवटची शंका पांढऱ्या रंगाची. करडईचे तेल जवसापेक्षा कमी पिवळे पडते, पण वाळते सावकाश. जवसाचा आयोडीन अंक (जितका जास्त, तितके तेल लवकर वाळते) साधारण १७० ते २०० असतो, करडईचा १४० च्या आसपास. हळू वाळणारा थर खाली आणि लवकर वाळणारा वर, असे झाले तर वरचा थर फाटतो, म्हणून करडईचे तेल फक्त अखेरच्या थरातल्या पांढऱ्यासाठी वापरण्याचा माझा विचार आहे. ते एकटेच घ्यावे की त्यात उन्हात घट्ट केलेले जवस तेल मिसळावे?

उत्तर देताना आपण तेल कोणत्या ऋतूत वाळवले आणि चित्र आता किती जुने आहे, हे कृपया लिहावे. तेलाचे पिवळेपण अंधारात वाढते आणि उजेडात बरेच कमी होते, त्यामुळे चित्र भिंतीवर होते की कपाटात, हेही सांगितल्यास तुलना करता येईल. हा धागा वाचून कोणी नव्याने प्रयोग करणार असेल, तर तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात.