मदत हवी आहे: पोकरमध्ये चांगली पानं येऊनही हरायलोय

लातूरकर_बदाम | शनिवार, रात्री 1:40
आत्ताच घरी आलोय, झोप येईना म्हणून लिहायलोय. तीन महिन्यांत बारा शनिवार बसलो, त्यातले नऊ वेळा रिकाम्या हाताने परत. एकूण अडीच हजाराला खड्डा. व्हिडिओ बघून कोणती पानं धरायची, कोणती टाकायची ते पाठ केलं. बाकीचे सत्ती-दुर्रीवर पण येतात आणि तेच पैसे गोळा करून जातात. आज एक्क्यांची जोडी होती. गेली. काय चुकायलंय ते नीट सांगा. "खेळू नको" म्हणायला घरात माणसं आहेत, ते सोडून सांगा.

गोदाकाठ | रात्री 1:58
कोणता पोकर? होल्डेम की ओमाहा? किती जण? ब्लाइंड (पानं वाटायच्या आधी दोघांनी टाकायचे पैसे) किती, कितीचे घेऊन बसता? एक्क्यांवर किती वाढवलं होतं? यातलं एकही अक्षर नाही आणि म्हणे नीट सांगा.

लातूरकर_बदाम | रात्री 2:05
होल्डेमच हो, हातात दोन पानं आणि मधे सगळ्यांची पाच, दुसरं इथं कोण खेळतंय. सात जण. 5-10 ब्लाइंड, प्रत्येकी पाचशे. एक्क्यांवर वीस केले, पाच जण आले.

गोदाकाठ | रात्री 2:11
झालं. वीस म्हणजे वाढवणं नाही, ते आवतण आहे. एक्क्यांची जोडी एकासमोर शंभरात 85 वेळा टिकते, पण पाच जण शेवटपर्यंत बसले तर निम्म्या वेळाही नाही, 49 वर येते. तुमच्या टेबलावर कोणी पानं टाकत नाही ना? मग पन्नास-साठ करा. एखाद-दुसराच येईल.

किलवरची_राणी | रविवार, सकाळी 7:30
गोदाकाठ, अर्धं बरोबर. पाच जणांचे पैसे डावात आणि त्यात जवळजवळ निम्म्या वेळा आपण जिंकायचं, हा तोट्याचा सौदा नाही. मोठं वाढवायचं ते लोकांना पळवायला नव्हे, ते साठलाही येणार आहेत म्हणून. दादा, तुमचं खरं दुखणं वेगळं असावं. तुम्ही ब्लफ मारता का, म्हणजे हातात काही नसताना पैसे वाढवून घाबरवता का?

लातूरकर_बदाम | सकाळी 9:12
मारतो की. व्हिडिओत सांगितलंय.

किलवरची_राणी | सकाळी 9:20
तेच म्हणते मी. ब्लफ चालतो तो पानं टाकणाऱ्यापुढे. ज्याला "बघू तरी काय हाय" एवढ्यासाठी शंभर रुपये टाकायचे आहेत, त्याला घाबरवणार कसं? आम्ही परभणीत दिवाळीत घरच्या घरी बसतो. माझे दीर चौकीच्या जोडीवर शेवटपर्यंत येतात. त्यांच्याशी एकच उपाय: चांगलं पान असेल तेव्हा पैसे मागायचे, नसेल तेव्हा गप टाकून द्यायचं. कंटाळवाणं आहे, पण फराळाचं सामान त्यातूनच निघतं.

तिर्रटवाला | सकाळी 10:02
हे सगळं इंग्रजी नाटक कशाला पाहिजे. तिर्रट खेळा. तीन पानं, चाल, शो, विषय संपला. आमच्याकडं पोळ्यापासून बसतात ते दिवाळीलाच उठतात.

माजी_हेडमास्तर | सकाळी 10:40
आपण पाने किती वेळा पिसता? दोनदा-तीनदा पिसून वाटत असाल तर मागच्या डावाची पाने एकत्र चिकटून राहतात. जोडाचा अर्धा-अर्धा भाग करून एकात एक घुसवायची पद्धत घेतली, तर 52 पाने पुरेशी मिसळायला साधारण सात वेळा लागतात, असे 1992 साली दोन गणितज्ञांनी मांडून दाखवले. आम्ही शिक्षकखोलीत मेंढीकोट खेळताना ही शिस्त पाळायचो.

लातूरकर_बदाम | सकाळी 10:55
सर, पिसण्याचा प्रश्न नाही हो. बरं अजून एक आठवलं. मागच्या शनिवारी माझा बदामाचा कलर लागला, पाच पानं. समोरच्याकडं सहा ते दश्शी सिक्वेन्स. साडेचारशेचा डाव त्याने नेला. आता कलर लागूनही माणूस हरत असेल तर करायचं काय?

गोदाकाठ | सकाळी 10:58
थांबा थांबा. सिक्वेन्स एकाच रंगाची होती का?

लातूरकर_बदाम | सकाळी 11:03
नाही, मिक्स. पण सिक्वेन्स मोठीच ना कलरपेक्षा?

गोदाकाठ | सकाळी 11:04
अरे देवा.

किलवरची_राणी | सकाळी 11:15
दादा, तो डाव तुमचा होता! सिक्वेन्स मोठी असते ती तीन पत्तीत. पोकरमध्ये कलर मोठा.

तिर्रटवाला | सकाळी 11:21
काहीही. लहानपणापासून खेळतोय, ट्रेल (तिन्ही पानं सारखी), प्युअर (एकाच रंगाची सिक्वेन्स), सिक्वेन्स, मग कलर. नियम कुठं बदलतो काय?

किलवरची_राणी | सकाळी 11:34
पानांची संख्या बदलली की बदलतो. जे कमी वेळा लागतं ते मोठं, एवढाच हिशेब. तीन पानांचे एकूण 22,100 हात होतात, त्यात साधी सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096. म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांचे 25,98,960 हात. तिथं सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108, म्हणजे निम्माच. वाटल्यास वही घेऊन बसा.

तिर्रटवाला | सकाळी 11:50
वही घेऊन बसायचं असतं तर दहावी पास झालो असतो. पण हाय, पटलं.

गोदाकाठ | दुपारी 12:10
कोणाच्या नियमाने खेळता तुम्ही? कोण ठरवतं?

लातूरकर_बदाम | दुपारी 12:26
ज्याच्या दुकानामागच्या खोलीत बसतो तो. तो आधी तिर्रट घ्यायचा, पोकर त्यानेच सुरू केलं. माणूस चांगला आहे, चहा-भजी त्याचीच असते. त्यासाठी तो दर डावातून दहा रुपये काढतो फक्त.

गोदाकाठ | दुपारी 12:29
दर डावातून??? आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?

लातूरकर_बदाम | दुपारी 12:33
ते माझ्या खेळण्यात कुठं येतंय? ते तर सगळ्यांचंच जातं.

गोदाकाठ | दुपारी 12:48
बसता किती वेळ? नऊ ते एक धरू, चार तास. हाताने वाटायचं म्हटलं तर तासाला पंचवीसेक डाव. शंभर डाव झाले, हजार रुपये त्या डब्यात. टेबलावर सगळे मिळून होते साडेतीन हजार. म्हणजे एका रात्रीत पाव हिश्श्यापेक्षा जास्त पैसा भज्यांत गेला. माणशी एकशे चाळीस. बारा शनिवारांचे सोळाशे ऐंशी. तुमच्या अडीच हजारातले एवढे कोणी जिंकलेलेच नाहीत. उरलेले आठशे तुमचे स्वतःचे, त्यात एक साडेचारशेचा डाव न्यायाने तुमचा. आता सांगा, खेळ वाईट आहे का टेबल?

तिर्रटवाला | दुपारी 12:55
आमच्याकडं त्याला नाल म्हणतात. आणि हजाराची भजी म्हणजे कढईत केशर टाकतो काय तो?

कोर्टकचेरी | दुपारी 1:30
चेष्टा बाजूला ठेवा. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. जागा देऊन त्यातून स्वतःचा फायदा काढणं, हेच जुगारअड्ड्याच्या व्याख्येचं मूळ. अड्डा चालवणाऱ्याला कलम 4, तिथं खेळताना सापडणाऱ्याला कलम 5. दहा रुपये काढले काय, हजार काढले काय, प्रश्न हा आहे की काढले का.

औसा_रोड | दुपारी 1:41
1968 ला सुप्रीम कोर्टाने पत्ते कौशल्याचा खेळ म्हणून सोडले ना? मग?

कोर्टकचेरी | दुपारी 1:52
पत्ते नव्हे, रमी. आणि त्याच निकालात तीन पानांच्या खेळाचा उल्लेख निव्वळ नशिबाचा म्हणून आहे. पोकरबद्दल तो निकाल नाही. शिवाय जागेवाल्याने नफा काढला तर रमीलाही अडचण येऊ शकते, हेही तिथंच लिहिलंय. लोक अर्धाच निकाल वाचतात.

औसा_रोड | दुपारी 2:05
मग भानगडच नको, मोबाईलवर खेळा. वेलकम बोनस मिळतो.

किलवरची_राणी | दुपारी 2:08
कुठल्या जगात आहात? ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. बोनस देणारं कोणी अजून सापडत असेल तर आधी त्याच्यापासूनच लांब राहा.

माजी_हेडमास्तर | दुपारी 3:15
मेंढीकोटात पैशाचा प्रश्नच येत नाही. चौघे हवेत, दोन जोड्या. भिडू समोर बसतो. लातुरात कोणी खेळत असल्यास कळवावे, हल्ली चौथा मिळत नाही.

लातूरकर_बदाम | सोमवार, रात्री 9:30
दुकानवाल्याला विचारलं. डब्याचं म्हटल्यावर हसला, "दहा रुपड्यात काय हुतंय" म्हणाला. कलरचं सांगितलं तर "आपल्याकडं असंच असतंय". बाकी चौघांना हिशेब दाखवला, ते गप झाले, मग एकजण हळूच म्हणाला, दुसरीकडं बसू. कोणाच्याच घरून परवानगी नाही. माझ्याकडं गच्ची आहे, वर्गणी काढून चहा करू, डावातून काही काढायचं नाही. वकीलसाहेब, हे चालतं का?

कोर्टकचेरी | रात्री 9:47
असले सल्ले लेखी देत नसतो. शेंगदाणे लावून खेळा, मग मी पण येतो.

तिर्रटवाला | रात्री 9:50
शेंगदाण्यावर कोण ब्लफला घाबरणार?

किलवरची_राणी | रात्री 10:02
आत्ता तरी कोण घाबरत होतं? दादा, एक राहिलंच. कलरला एक पान कमी असेल तेव्हा नऊ पानं तुमच्या कामाची असतात. तीन पानं उघडल्यावर नऊ गुणिले चार, म्हणजे शंभरात छत्तीसच्या आसपास. चौथं उघडल्यावर गुणिले दोन. तेवढ्यात परवडत असेल तरच पुढं जायचं.

लातूरकर_बदाम | रात्री 10:10
हे व्हिडिओत होतं, मी पुढं पळवलं होतं.

माजी_हेडमास्तर | रात्री 10:25
गच्चीवर किती वाजता?