गटाचं मतदान मोबाईलवर कसं घ्यावं?

रावेरकर: राम राम मंडळी. आमच्या केळी उत्पादक गटात ६० सभासद. शिल्लक रकमेतून श्रेडर, ट्रॉली की ब्लोअर घ्यायचा, ते मृगबागेच्या (जून-जुलैच्या केळी लागवडीच्या) आधी ठरवायचंय. व्हॉट्सअ‍ॅप पोलमध्ये मोठ्या बागायतदाराचं मत दिसलं की बाकीचे तिकडेच वळतात. मत गुप्त राहील आणि प्रत्येकाला एकदाच देता येईल, असं काय वापरावं? दहा-बारा जणांकडे साधा फोन आहे.

तापीकाठ: भाऊ, व्हॉट्सअ‍ॅप पोल बैठकीची तारीख ठरवायला ठीक. पैशाच्या निर्णयाला गूगल फॉर्म घ्या. त्यातली 'एकच प्रतिसाद' ही अट मात्र नको: जीमेल लॉगिन लागतं, आणि दोन खाती असलेला दोनदा मत देतोच. त्यापेक्षा पाच आकडी ६० कोड काढा. ओळीने नको, नाहीतर शेजाऱ्याचा कोड अंदाजाने टाकता येतो. चिठ्ठ्या डब्यात टाकून बैठकीत प्रत्येकाने एक उचलायची. कोणाला कोणता कोड गेला याची नोंद ठेवायची नाही. फॉर्ममध्ये कोड आणि पसंती, दोनच प्रश्न, दोन्ही सक्तीचे. ईमेल गोळा करणं आणि निकालाचा सारांश दाखवणं, दोन्ही बंद. फॉर्मची उत्तरं ज्या गूगल शीटमध्ये जमा होतात, तिथे प्रत्येक मताची वेळ पडते आणि त्यावरून मत कोणाचं ते ताडता येतं, म्हणून मुदत संपेपर्यंत शीट कोणीच उघडायची नाही. नंतर काऊंटइफ (एखादी नोंद किती वेळा आली ते मोजणारं शीटमधलं सूत्र) लावून दुबार कोड शोधा. दुबार आला तर पहिलं मत धरायचं की शेवटचं, हे आधीच जाहीर करा. भांडणं इथेच होतात.

यावल_शिवार: कोडचं पटलं, पण पर्याय तीन आहेत हे विसरू नका. समजा श्रेडर २३, ट्रॉली २०, ब्लोअर १७. श्रेडर जिंकला, तरी ३७ जणांची पहिली पसंती दुसरीच होती. म्हणून चेकबॉक्स ठेवा, 'चालेल त्या सगळ्यांवर खूण करा'. बेरीज ६० च्या वर जाईल, ते चुकीचं नाही. किंवा पहिल्या दोघांत दुसरी फेरी घ्या. कोड तेच चालतात, फॉर्म नवा. लूमिओ या गटनिर्णयाच्या ऑनलाइन साधनात पसंतीक्रमाने मत देता येतं, चर्चाही तिथेच होते, पण ६० जणांचे ईमेल जमवणार कोण?

तापीकाठ: चेकबॉक्सच बरा. साध्या फोनवाल्यांचं मत सचिवाने फोनवर विचारून भरलं तर गुप्तता संपली. त्यांनी कोड आणि पसंती कागदावर लिहून बंद पेटीत टाकावी. पेटी फॉर्म बंद झाल्यावरच दोन सभासदांसमोर उघडा, मतं त्याच शीटमध्ये चढवा आणि मग दुबार तपासा. पदाधिकाऱ्यांची निवड मात्र यावर नको, ती पोटनियमांप्रमाणेच.