हप्ते फिटेपर्यंत आपलाच फोन भारी

आयफोन भारी की अँड्रॉइड, ही भांडणं कंपन्यांच्या जाहिराती लावतात, असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. १९७० च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेलनं इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या १४-१५ वर्षांच्या पोरांचे ‘क्लेची चित्रं आवडणारे’ आणि ‘कँडिन्स्कीची आवडणारे’ असे गट पाडले. प्रत्यक्षात वाटणी कशीही केलेली. तरी पैसे वाटताना पोरांनी काय पाहिलं? आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, समोरच्यापेक्षा जास्त हवं. तिथं कुठली आली जाहिरात!

त्यात हप्ते. आमचा मावसभाऊ सांगलीत विश्रामबागला चहाच्या गाड्यावर उभा होता. आयफोनमधल्या एका सोयीवरून कुणीतरी सहज बोललं, “हे अँड्रॉइडला कधीचंच आहे की.” झालं! भडंगाची पुडी हातात तशीच, अर्धा तास तावातावानं भांडण. त्याच्या आयफोनची काच कोपऱ्यात तडकलेली, वर चिकटपट्टी, आणि ११ हप्ते अजून बाकी. चूक झाली म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं?

फ्रिजवरून असं कुणी भांडत नाही, कारण तो घरात असतो. फोन चारचौघांत पालथा ठेवला की लोगो वर.

मी काही धुतल्या तांदळाचा नाही. नोकियाचा विंडोज फोन कसा भारी, हे मिरजेच्या एसटीत अनोळखी माणसाला पटवत होतो. तो बिचारा अंकलीलाच उतरला.